बाळंतिणीच्या दाराशी कोणी जावयाचे?

राजगडाच्या पायथ्याशी पाल गावी सईबाईंची समाधी आहे. गड पाहावयास जाणाऱ्या मंडळींपैकी तिकडे पाऊल वळविणारे थोडेच. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. त्यानंतर सईबाईंची प्रकृती खालावत गेली, आणि १६५९ साली, मूल पुरते अडीच वर्षांचेही झाले नसता, त्या राजगडी निवर्तल्या. मातेचे दूध पुरेना म्हणून कापूरहोळच्या धाराऊस दूधआई म्हणून नेमण्यात आले, ही हकीकत आपल्याकडे परंपरेने सांगतात; आणि हे कापूरहोळ म्हणजे आजच्या भोर तालुक्यातील, पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव होय. पुढे १६७० साली याच राजगडावर राजाराम महाराज जन्मले, ते पालथे जन्मले, असे बखरींतून सांगितले आहे. पालथे मूल दिल्लीची पातशाही पालथी घालील, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. अर्थ मोठा तेजस्वी खरा; परंतु त्या वेळी सुईणीच्या जिवाचे काय पाणी झाले असेल, ते कोणी लिहून ठेविलेले नाही.

भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील बाळंतिणींविषयी व त्यांच्या तान्ह्या मुलांविषयी आज लिहावयाचे योजिले असता ही जुनी गोष्ट आम्हांस आठवली, आणि तिच्यात एक भाग असा आहे की त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. राजाच्या घरी मूल उपाशी आहे असे कळताच खालच्या गावाहून एक शहाणी बाई गड चढून वर गेली. मूल खाली आणण्यात आले नाही. मदत मुलाकडे गेली. हीच रीत आज मावळातील गरिबाच्या झोपडीस लागू करावी, एवढेच आमचे मागणे आहे.

(वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली बदलून राजगड असे करण्यात आले. जुन्या भोर संस्थानात राजगड व प्रचंडगड या नावांचे तालुके होतेच, त्यामुळे नाव नवे नाही. नावाचा अभिमान आम्हांसही आहे. लोकांच्या तोंडी मात्र अद्याप वेल्हेच असल्याने आम्हीही येथे तेच वापरतो.)

आता प्रथम जे चांगले झाले आहे ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे, कारण सरकारवर टीका करावयाची म्हणजे सारेच वाईट म्हणावयाचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असताना, दहा दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय बळावला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८६ साली त्या अमेरिकेत पदवी घेऊन परतल्या व पुढल्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्या काळी दहाव्या दिवशी मूल जाणे हे घरोघरचे दुःख होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढून स्त्रियांस परिचर्येचे व सुईणपणाचे शिक्षण देण्याची सोय केली, तेव्हा कुलीन घरच्या विधवेने दुसऱ्याच्या बाळंतपणास हात लावावा की नाही यावर वाद माजले. तेथून आज आपण कोठे आलो आहो ते पाहावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांपैकी जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी वर्षाच्या आत मरणारी १६ होती. सबंध हिंदुस्थानचा आकडा २८ होता. हे यश लहान नाही.

तथापि याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. त्या १६ मुलांपैकी ११ मुले पहिल्या २८ दिवसांतच जातात. आणि जगभरचा अनुभव असा आहे की नवजात मुलांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. आमच्याकडे पाचवी किंवा सहावी पुजतात, त्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते असे मानतात. या समजुतीस आम्ही भोळी म्हणतो. परंतु ज्या आयाबायांनी ती रूढ केली त्यांस धोक्याचे दिवस कोणते हे पक्के ठाऊक होते, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा रोगाचा अंदाज बरोबर होता, फक्त उपाय देवीवर सोपविलेला होता.

दवाखान्यातील बाळंतपण हे मोठे काम खरे, पण ते दोन-तीन दिवसांचे. साधी बाळंतीण अठ्ठेचाळीस तास ठेवावी असा नियम आहे. त्यानंतर ती घरी जाते. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयातून निघालेली बाई तिसऱ्या दिवशी कोठे असते? गाडी जाते तेथपर्यंत गाडीत, आणि तेथून पुढे पायवाटेने, कुशीत मूल घेऊन, हिरडस मावळातल्या एखाद्या वाडीकडे, नाही तर तोरण्याच्या मागल्या अंगास असलेल्या एखाद्या धनगरवाड्याकडे. धोक्याचा आठवडा अर्ध्याहून अधिक तिने त्या घरात काढावयाचा असतो. तेथे डॉक्टर नाही, परिचारिका नाही. आहे ती सासू, धुराने भरलेली खोली व बाजेखालची शेगडी. म्हणून आमचे म्हणणे असे की बाळंतपण दवाखान्यात गेल्याने घरभेटीचे काम संपले नाही, उलट तेथूनच ते सुरू झाले.

घरभेट म्हणजे नेमके काय, याविषयी शहरातील सुशिक्षितांतही मोठे अज्ञान आहे. 'आशाताई येते, विचारपूस करते, कागद भरते', एवढीच कित्येकांची कल्पना. वास्तविक हे एक नेमके शास्त्र आहे, व ते आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून ३९ खेड्यांत हा प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांस त्यांनी शिकविले: मूल झोळीच्या काट्यावर कसे तोलावे, अंगाची ऊब कशी मोजावी, घड्याळ लावून मिनिटास श्वास किती ते कसे मोजावे, दूध ओढण्याचे मंदावले तर त्याचा अर्थ काय घ्यावा, जंतुदोषावर औषध केव्हा द्यावे. प्रारंभी त्या खेड्यांत दर हजारी ६२ नवजात मुले मरत. १९९७-९८ साली तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले गेले, २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात मुलांसाठी घरभेटींची शिफारस साऱ्या जगास केली, आणि २०११ साली हिंदुस्थान सरकारने हे काम देशभरच्या आशांकडे दिले. त्याही पूर्वी, १९७० पासून, जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांनीच निवडलेल्या बायांस आरोग्यसेविका केले होते, आणि त्यांतल्या पुष्कळ बाया निरक्षर होत्या. विलायतेत मँचेस्टर व सालफर्ड येथील स्त्रियांच्या मंडळीने १८६२ साली कामकरी वर्गातली बाई नेमून घरोघर पाठविली, तेथून तिकडील घरभेटीची परंपरा सांगतात. सारांश, शिकलेल्या डॉक्टरापेक्षा शेजारची शहाणी बाई या कामी अधिक उपयोगी पडते, हे तीन ठिकाणी निरनिराळ्या काळी दिसून आले आहे.

नियम असा आहे की बाळंतपण दवाखान्यात झाले असल्यास आशेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे. घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीही जावे. २०१८ पासून पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी नेमल्या आहेत. नियम उत्तम आहे. प्रश्न आहे तो नियम व डोंगर यांच्या भांडणाचा.

हजार माणसांमागे एक आशा, हे मूळ प्रमाण. डोंगरी व आदिवासी भागास यात सवलत असते. उपकेंद्राच्या बाबतीतही सपाटीवर पाच हजारांस एक, तर डोंगरात तीन हजारांस एक असे धोरण आहे. परंतु सवलत धरली तरी मोजमाप डोक्यांचेच राहते. पायाखालच्या वाटेचे मोजमाप कोणी करीत नाही. २०११ च्या शिरगणतीत भोरची वस्ती सुमारे १ लाख ८६ हजार व वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्ह्याची ही वस्ती डोंगरांच्या घड्यांत, धरणांच्या काठांवर, दहा-वीस घरांच्या वाड्यांत विखुरलेली आहे. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पठारावर घरे आहेत, व तेथे चढण्यास लोखंडी शिडी आहे. बारामतीकडील आशेची हजार माणसे दोन आळ्यांत सापडतात. पानशेतच्या पाण्यापलीकडील आशेची हजार माणसे गोळा करावयास सबंध दिवस पुरत नाही. सरकारी तक्त्यात मात्र दोघींच्या नावापुढे सारखाच आकडा.

आणि या भेटींचा मोबदला? २०११ साली सहा भेटी मिळून २५० रुपये ठरले, म्हणजे भेटीस ४२ रुपयेही नव्हेत. त्यातही त्या वेळी घातलेल्या अटींत एक अट अशी होती की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माता व मूल दोन्ही सुखरूप असावीत. या अटीचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. जे मूल दीड किलोचे जन्मले, ज्याच्यासाठी आशा पावसातून पाच वेळा चढली, ते एकोणिसाव्या दिवशी गेले, तर तिच्या चढण्याचे मोल शून्य! सुदृढ मुलाच्या घरी सपाटीवर सहा वेळा गेलेलीस पूर्ण रक्कम. दुकानातील नोकरास असा पगार देणारा व्यापारी भोरच्या पेठेत एक तरी सापडेल काय? अशा अटीने आणखी एक अनर्थ संभवतो: मृत्यू लपविण्याचा मोह. महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी दप्तरात मोठ्या प्रमाणावर नोंदलेच जात नाहीत, हे 'कोवळी पानगळ' या २००१ सालच्या अहवालाने उघड केले होते. जन्मास येऊन चार दिवसांत गेलेले मूल गुपचूप पुरले जाते; त्याचे बारसे नाही, नाव नाही, मग नोंद कोठली? ज्या बाईने ती नोंद करावयाची तिलाच त्या नोंदीचा दंड बसावा, हे कोणत्या शहाणपणात बसते?

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिंदुस्थानच्या आशांचा गौरव केला, तेव्हा सर्वत्र टाळ्या वाजल्या. २०२३ च्या उत्तरार्धात व २०२४ च्या आरंभी याच आशांस महाराष्ट्रात संप करावा लागला, तेव्हा कोठे सरकारने मोबदला वाढविला. त्यांस अद्याप 'स्वयंसेविका' म्हणतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. सेवेस पगार नसतो, मानधन असते. आणि मानधनास महिन्याची तारीख नसली तरी चालते!

येथे आमचे कित्येक शहरी वाचक म्हणतील की, दोष सरकारचा नाही, खेडवळ अज्ञानाचा आहे. चीक टाकून देतात, मधाचे बोट चाटवितात, घुटी पाजतात, कोंडून घेतात, सुवेराच्या दिवसांत परक्यास आत येऊ देत नाहीत. हे अंशतः खरे आहे, आणि आमच्यासारख्या सुधारणेच्या कैवाऱ्यांनी ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या चिकाइतके मुलास हितकर दुसरे काही नाही. मध, घुटी व साखरपाणी यांनी मुलाच्या पोटात जंतू जातात. बंद खोलीतील शेगडीचा धूर माता व मूल दोघांच्याही छातीस घातक. परंतु याच घरांत मुलास छातीशी धरून, गुंडाळून, ऊब देण्याची जी रीत आहे तिलाच आज दवाखान्यांत मोठ्या नावाने शिकवितात, हेही विसरू नये. शिवाय अज्ञान दूर करावयाचे कोणी? भिंतीवर रंगविलेली पाटी सासूशी वाद घालू शकत नाही. उंबरठ्याशी बसून, पाणी पिऊन, 'आत्याबाई, मूल जरा हातात द्या, तोलून बघू' असे म्हणणारी बाईच ते करू शकते. तीही एकदा नव्हे. पहिल्या भेटीत सासू ऐकत नाही, तिसऱ्या भेटीत ऐकते. म्हणूनच सहा भेटी ठेविल्या आहेत. रजिस्टरात सहा तारखा एकदम लिहून चालत नाही ते यासाठीच. तसे लिहिले जात असेल तर त्याचा दोष आधी वाटेस व मोबदल्यास द्यावा, मग बाईस.

दोन अडचणी अशा आहेत की त्यांचा विचार तालुक्यातच झाला पाहिजे. मुंबईच्या मंत्रालयातून त्या दिसणार नाहीत.

पहिली माहेरची. आमच्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. वेल्ह्याची लेक पुण्याच्या धायरीस किंवा मुंबईस दिलेली असते; ती बाळंतपणास डोंगरात येते, आणि सव्वा महिन्याने परत जाते. गरोदरपणातील तपासण्या एका आशेच्या वहीत, बाळंतपण दुसऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात, मुलाच्या पहिल्या भेटी तिसरीकडे, आणि लसी चौथीकडे. ही बाई चारही वह्यांत आहे आणि म्हणूनच कोणाच्याच जबाबदारीत नाही. व्यापाऱ्यास हे चटकन समजेल: एका पेढीवरून निघालेला माल दुसऱ्या पेढीवर पोचला की नाही, याची पोच घेतल्याखेरीज तो खाते बंद करीत नाही. येथे पोच कोणी घेतच नाही. माता व बाल संरक्षण कार्ड आहे. परंतु ते ट्रंकेत राहते, बाई मात्र गावोगाव फिरते.

दुसरी अडचण याहून कठीण. भोर, वेल्हे व मुळशी या भागांत कातकरी लोक आहेत. सरकारने ज्या तीन जमातींस महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून मानले आहे, त्यांतली ही एक. पावसाळा सरला की त्यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडावयास निघतात, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. घरभेट म्हणजे घरी जाणे. पण ज्यांचे घर अर्धे वर्ष भट्टीच्या कडेला असते त्यांच्या बाळंतिणीस भेटावयास कोणी जावे? भट्टी ज्या गावच्या हद्दीत, तेथील आशेस ही माणसे आपल्या हजारांत मोजलेली नसतात. वीटभट्टीचे मालक आमच्या वाचकवर्गातलेच आहेत. आशेस आत येऊ देणे, गरोदर बाईस विटा वाहावयास न लावणे व तपासणीच्या दिवसाची मजुरी न कापणे, या तीन गोष्टींसाठी त्यांस सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

भोर व वेल्ह्याशी पुणेकरांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर त्याच्या घरच्या नळात आहे. पानशेत व वरसगाव ही धरणे वेल्ह्याच्या भूमीवर उभी आहेत, व त्यांचे पाणी पुणे शहर पिते. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले; त्याच्या पाण्यावर खालच्या अंगास उसाचे मळे उभे राहिले. तळातली भातखाचरे बुडाली म्हणूनच कित्येक घरे वर चढली. आणि आज आशेस ज्या चढणी चढाव्या लागतात त्यांतल्या काही आपल्या तहानेने निर्माण केलेल्या आहेत. या पाण्याचे काही देणे लागतो असे पुण्याच्या नागरिकास वाटत नसेल, तर त्यास हिशोब येत नाही असे म्हणावे लागेल.

तेव्हा करावे काय? पुणे जिल्हा परिषदेकडे आमचे मागणे असे की, भेटीचा मोबदला अंतरावर व चढणीवर ठरवावा, सरसकट नव्हे. जी वाडी रस्त्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे तेथील भेटीस निदान दुप्पट रक्कम जिल्ह्याच्या निधीतून द्यावी. मूल दगावले तरी केलेल्या भेटींचे पैसे पूर्ण मिळतात, हे प्रत्येक आशेस लेखी कळवावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाच्या घरी आशेबरोबर परिचारिकेने एकदा तरी जावे, म्हणजे सासूलाही वाटेल की ताई सांगते ते खरे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी माहेरघरे बांधली आहेत, तेथे दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहते; तसे एक वेल्ह्यास का नसावे? पैशाची अडचण सांगण्यात येईल. गडावर लोटणाऱ्या गर्दीसाठी वाहनतळ बांधावयास पैसा मिळतो, हे आम्ही पाहतो.

भोरच्या पेठेतील व्यापारी मंडळी गणेशोत्सवास व जत्रेस सढळ हाताने वर्गणी देतात. त्यांनी त्यांतला थोडा भाग काढून आशांस चांगल्या छत्र्या, विजेऱ्या, चिखलात टिकतील असे बूट व बिनचूक काटे घेऊन दिले, तर त्यात धर्माचे काही उणे होईल असे आम्हांस वाटत नाही. झोळीचा काटा गंजला की दोन किलोचे मूल अडीच किलोचे दिसते, आणि ज्या घरी जास्त वेळा जावयाचे तेथे कोणी जात नाही. वजनात खोट असलेला काटा व्यापारी आपल्या दुकानात ठेवीत नाही.

सर्वांत आधी करावयाचे काम मात्र पावसाळ्यापूर्वीचेच आहे. आषाढ-श्रावणात भातलावणीच्या दिवसांत बायका पहाटे खाचरात जातात त्या अंधार पडल्यावर परततात; ओढे फुगतात, वरंध घाटाची वाट कित्येकदा बंद होते, १०८ ची गाडी डांबरी रस्ता संपतो तेथे थांबते. त्या दोन महिन्यांत ज्यांचे दिवस भरणार आहेत त्या बायांची नावे वैशाखातच ठाऊक असतात. त्यात अंदाजाचा प्रश्न नाही. दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ज्येष्ठ संपण्यापूर्वी वाडीवार यादी करून ती पंचायत समितीच्या कचेरीत व प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावी. त्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे सासरचे गाव व माहेरचे गाव दोन्ही लिहिलेली असावीत, भेटीस कोणती आशा जाणार तिचे नाव असावे, आणि ओढ्यास पाणी आल्यावर त्या घराकडे कोणत्या वाटेने जावयाचे, तेही.